कोरडे बूट

भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत, याला आता दोन वर्षं होतील. वाचनालयात मात्र दर आठवड्याला येतात. वाचलेलं पुस्तक काउंटरवर ठेवतात, दुसरं उचलून आणतात, मी शिक्का मारते आणि ते जातात. "बरे आहात ना?" असं मी प्रत्येक वेळी विचारते आणि प्रत्येक वेळी ते शिक्क्याची शाई वाळली का ते बघत राहतात. भांडणाऱ्या माणसाला मी पुरून उरते, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. न बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला कधीच कळलेलं नाही. चूक माझी आहे, निदान निम्मी तरी माझी आहे. उरलेली निम्मी कुणाच्या पदरात घालायची ते सगळं ऐकून तुम्हीच ठरवा.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आयुष्यभर त्यांनी खोटे दात केले. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक अरुंद खोली होती, तिथे खिडकीकडे तोंड करून ते मेणाचे साचे घडवायचे, कवळ्या घासायचे, उजेडात धरून बघायचे आणि पुन्हा घासायचे. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू भाऊजींच्या हातचं होतं. स्वतः मात्र हसायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर ते लोकांना खोट्या माश्या बांधायला शिकवायला लागले, तेव्हा मी ताईला म्हटलं, "आधी खोटे दात, आता खोट्या माश्या. तुझ्या नवऱ्याला खरं काही जमतं का गं?" ताई पोट धरून हसली. ती कशालाही हसायची. आम्हा दोघी बहिणींत फरक तो एवढाच, आणि तो फार मोठा होता.

माशी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मलाही माहीत नव्हतं. नखाएवढ्या गळावर पिसाचा तुकडा, थोडी लव आणि रेशमी दोरा असं गुंडाळून एक किडा तयार करायचा. पाण्यावर उतरणाऱ्या खऱ्या किड्यासारखा तो दिसला पाहिजे. मग लांब, लवचीक काठीने दोर मागे-पुढे झुलवायचा आणि ती माशी ओढ्यावर अशी ठेवायची की पाण्यालाही कळू नये. ठिपकेवाला मासा वर येतो, फसतो, तोंडात घेतो. त्याला जवळ आणायचं, हात ओले करून गळ सोडवायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचं.

"सोडूनच द्यायचा तर पकडायचा कशाला?" मी विचारलं होतं.

"भेटायला," भाऊजी म्हणाले.

माणसांना भेटायचा त्यांना कंटाळा होता, हे मी तेव्हा बोलले नाही. ताई समोर होती.

वर्ग शनिवारी दुपारी भरायचा, आमच्या वाचनालयाच्या माडीवर. किल्ली माझ्याकडे. वर एक लांब टेबल, टेबलाच्या कडेला आवळलेले, गळ घट्ट धरून ठेवणारे सहा छोटे शिकंजे, प्रत्येकापुढे एक दिवा. पिसं ठेवायला कवळ्यांचे जुने डबे होते, आणि त्यांवर अजूनही 'वरची', 'खालची' असं लिहिलेलं होतं. शिकायला येणारे बहुतेक नवखे. औषधांच्या दुकानातल्या बाई, निवृत्त बसचालक, आणखी दोघं-तिघं. पहिल्या दिवशी प्रत्येकाची माशी केर काढताना सुपलीत येते तशी दिसायची. भाऊजी दात बघायचं भिंग डोळ्याला लावून ती निरखायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "हा किडा आजारी आहे. पण मासे आजारी किडेही खातात. पुढचा बांधा."

पहिले दोन महिने काठीला हात लावू द्यायचे नाहीत. आधी ओढा शिकायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना घेऊन पुलाजवळ जायचे, पाण्यात उतरवायचे आणि दहा दगड उलटायला लावायचे. दगडाच्या पोटाला चिकटलेल्या अळ्या, किडे मोजायचे आणि दगड होता तसा, होता तिथे परत ठेवायचा. कुणी उलटा टाकला तर भाऊजींचा आवाज चढायचा, "कुणाचं घर आहे ते! छप्पर काढून बघितलंत, आता परत घाला." मोजलेले आकडे ताई वहीत लिहायची. किती पाणी, किती गार, कुठल्या दगडाखाली किती. वर्गातली ती एकटीच अशी, जिने कधी माशी बांधली नाही. दोर मात्र तिचा पाण्यावर भाऊजींपेक्षा हलका पडायचा. ते स्वतःच सांगायचे, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला हसू म्हणायला हरकत नव्हती.

आता बुटांचं. सगळं त्यातच आहे.

ओढ्यात उतरताना घालायच्या गमबुटांच्या तळाला दाबलेल्या लोकरीचा जाड थर असतो, त्यामुळे शेवाळलेल्या दगडावर पाय सरकत नाही. पण लोकर पाणी धरून ठेवते. एका ओढ्याचं पाणी त्या तळातून दुसऱ्या ओढ्यात गेलं, तर तिकडची कीड, तिकडचा रोग इकडे येतो. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी थेंबभर पाण्यात येतं आणि पुन्हा जात नाही. म्हणून भाऊजींचा नियम होता. बूट गरम मिठाच्या पाण्यात बुडवायचे, नंतर आठवडाभर टांगायचे. रविवारी सगळ्यांनी पुलाजवळच्या बुटक्या भिंतीवर ओळीने बसायचं, पाय पुढे करायचे, आणि भाऊजी एकेकाच्या तळाला अंगठा दाबून बघणार. "कोरडे" म्हणाले की उतरायचं. ओल लागली की घरी. सुरुवात ते स्वतःपासून करायचे. भिंतीवर आधी आपण बसायचे, पाय पुढे करायचे आणि औषधवाल्या बाईंना सांगायचे, "दाबा." वयाने मोठा, शिकवणारा माणूस असा तळवे दाखवत बसलेला बघून नवख्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. पण त्यानंतर कुणी कुरकुर करायचं नाही.

कुलूपवाले वर्गात सर्वांत जुने. बाजारात जिन्याखाली त्यांचं किल्ल्यांचं दुकान. बोटं अशी की भाऊजींनी एकदा दाखवलेली गाठ दुसऱ्यांदा दाखवावी लागली नाही. त्या दोघांची मैत्री हा एक अजब प्रकार होता. अख्खी दुपार शेजारी-शेजारी बसायचे आणि चार वाक्यं बोलायचे, त्यांतली दोन 'दिवा इकडे घ्या' अशा जातीची. ताई म्हणायची, "माझ्या सवतीचं दुकान आहे बाजारात." भाऊजींना आयुष्यात एकच मित्र मिळाला, तो हा.

मग ताईचं दुखणं आलं. त्याबद्दल मी लांबण लावणार नाही. वर्षभरात ती इतकी हलकी झाली की भाऊजी तिला जिन्यावरून उचलून आणायचे आणि दमही लागायचा नाही त्यांना. पानगळ सुरू झाली तसं डॉक्टरांनी औषधं कमी केली. त्याचा अर्थ आम्ही तिघंही समजलो आणि तिघंही न समजल्यासारखं वागलो.

त्याच दिवसांत एका रविवारी वर्ग ओढ्यावर गेला आणि ताईही गेली. मी गेले नव्हते, मी वर्गात नव्हतेच तेव्हा. मला दुसऱ्या दिवशी औषधवाल्या बाईंकडून एवढं कळलं की, कुलूपवाले चक्क ओले बूट घालून आले होते आणि सरांनी त्यांना भिंतीवरूनच घरी पाठवलं. "जुन्या माणसाने असं करावं?" बाई म्हणाल्या. मीही 'कमाल आहे' म्हणून मोकळी झाले. कारण मला ताई पाण्यात उतरली का, हे ऐकायचं होतं. उतरली होती. गुडघाभर पाण्यात भाऊजींचा दंड धरून उभी होती, आणि हसत होती.

अकरा आठवड्यांनी ती गेली. जायच्या आधी मला म्हणाली, "धाकटे, त्यांच्याकडे बघशील ना? एकटे पडले की ते दगडासारखे होतात." मी हो म्हटलं. म्हणून त्या महिन्यापासून मी माडीवर जाऊन बसायला लागले. दोरा, पिसं, गळ. माझा पहिला किडा बघून भाऊजी म्हणाले, "हा मेलेला आहे." त्या दिवसांत ते तेवढंच एक वाक्य बोलले.

पुढच्या उन्हाळ्यात ओढा बिघडला. आधी एकाच दगडावर तपकिरी डाग दिसला. महिन्याभरात पुलापासून वळणापर्यंत तळाचे सगळे दगड जाड, बुळबुळीत थराखाली गेले. हात लावला तर ओल्या गोधडीत हात घातल्यासारखं वाटायचं. वरच्या खोऱ्यातल्या ओढ्यात हा थर तीन वर्षांपासून होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो उडत आला नव्हता, चालत आला नव्हता. कुणाच्या तरी तळव्याखालून आला होता. दहा दगडांखाली जिथे चारशेच्या वर किडे मिळायचे, तिथे आम्हाला सतरा मिळाले. मासे वर यायचे बंद झाले. भाऊजी पाण्यात उभे राहून नुसते वाकून बघत होते, आणि त्यांचा चेहरा मी ताईच्या उशाशी बघितला होता तसाच होता.

कुणी तरी आणलं म्हटल्यावर कुणी, हे ठरायला वेळ लागला नाही. ओल्या बुटांचं एकच माणूस सगळ्यांना आठवत होतं. आता बघा, त्या माणसाला त्या दिवशी भिंतीवरूनच परत पाठवलेलं. म्हणजे तो पाण्यात गेलाच नव्हता. पण लोकांचं डोकं कसं चालतं? "त्या दिवशी सापडले, एरवी किती वेळा गेले असतील!" झालं. मी हे ऐकलं आणि तोंड उघडलं नाही. एरवी उशिरा आलेल्या पुस्तकावरून मी माणसाची हजेरी घेते.

कुलूपवाले पुढच्या शनिवारी नेहमीच्या वेळेला माडीवर आले. त्यांच्या खुर्चीवर बसचालक बसले होते आणि ते उठले नाहीत. कुणीच सरकून जागा केली नाही. कुलूपवाले दाराशी उभे राहिले आणि भाऊजींकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाकडे नाही. भाऊजी गळावर दोरा गुंडाळत होते. गुंडाळत राहिले. एका छोट्या गळावर तेवढा दोरा मी आजवर पाहिलेला नाही. मग जिन्यावर पावलं वाजली आणि कुलूपवाले गेले. त्यांची माश्यांची डबी शेल्फवर राहिली, ती मी माझ्या खणात ठेवली. रात्री मला झोप लागली नाही असं म्हणायला आवडलं असतं, पण लागली.

त्यानंतर कुलूपवाल्यांशी बोलणं लोकांनी कमी केलं. किल्ली करायला जायचे, तयार होईपर्यंत रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. पुलाजवळ तर ते फिरकेनासेच झाले. वीस वर्षं रोज सकाळी पुलावर जाऊन पाणी बघणारा माणूस.

या सगळ्याला वर्ष होत आलं तेव्हा वर्गाने ठरवलं की पुलाशी एक फलक लावायचा. ओढ्यात आधी काय होतं, आता काय उरलं, महिन्यागणिक आकडे. आकडे काढायचं काम माझ्याकडे आलं. भाऊजींनी ताईच्या वह्यांचा गठ्ठा मला आणून दिला. त्यांनी तो उघडलाही नव्हता, दोरीची गाठ ताईच्या हातची होती. मी माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून एकेक वही उलगडली. शेवटच्या वहीत शेवटची दोन पानं होती, लागोपाठच्या दोन तारखांची.

पहिल्या पानावर होतं: "शनिवार. वरच्या खोऱ्यातला ओढा. लग्नाच्या वर्षी इथे आलो होतो. ह्यांना म्हटलं, एकदा दाखवा. दोघंच आलो. ह्यांनी मला पाण्यात उतरवलं, स्वतः काठावरच्या खडकावर उभे राहून हात धरला. दगड मोजले नाहीत."

दुसऱ्यावर होतं: "रविवार. आपला ओढा. वर्गाबरोबर. माझे बूट कालचे, ओलेच. नको म्हणाले. मी म्हटलं, पुढच्या रविवारी मी असेन का? भिंतीवर बसले. अंगठा लावला आणि 'कोरडे' म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलले, तेही माझ्यासाठी. पाणी फार गार होतं. मजा आली."

मी ती वही मिटली आणि किती तरी वेळ टेबलावरचा चमचा सरळ करत बसले. मला बहिणीचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येणं किती वाईट, ते ज्याला आलाय त्यालाच कळेल. आणि त्या रागाखाली आणखी एक गोष्ट होती, तीही सांगून टाकते. माझ्यासाठी आजवर कुणी असं खोटं बोललेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाऊजींकडे गेले. ते स्वयंपाकघरात ताटल्या पुसत होते, एकाच माणसाच्या ताटल्या.

"भाऊजी, वहीत दोन तारखा आहेत. शनिवारची वरच्या ओढ्याची आणि रविवारची आपली."

त्यांनी ताटली ठेवली. "बघितल्यास."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिला डाग दिसला त्या दिवसापासून."

"आणि तो माणूस वर्षभर शिव्या खातोय! तुमचा मित्र! भाऊजी, जनाची नाही तर मनाची तरी?"

त्यांनी दुसरी ताटली उचलली. मी विचारलं, "त्या दिवशी त्यांचे बूट ओले होते म्हणून तुम्ही हाकललंत, आणि शेजारी ताईचे ओले असताना सोडलंत. असंच ना?" त्यावर भाऊजी खिडकी लावायला गेले. वारा मुळीच नव्हता.

खिडकीकडे तोंड करूनच ते म्हणाले, "मी वर्गात सांगेन. येत्या शनिवारी. पण बूट माझे होते असं सांगेन. तिचं नाव ह्या ओढ्याला लागता कामा नये, धाकटे. एवढं एक मला करू दे."

मी कबूल झाले. वहीतल्या वाक्याबद्दल मात्र त्यांना सांगितलं नाही. तारखांचं सांगितलं, पण 'तेही माझ्यासाठी' हे सांगितलं नाही. वही माझ्या पिशवीतच होती. काढून त्यांच्या हातात द्यायला किती वेळ लागला असता? मनात म्हटलं, नंतर देईन, आता रागात आहे. असं म्हटलं खरं, पण द्यायची नव्हती हेच खरं.

शनिवारी कुलूपवाले सोडून सगळे हजर होते. भाऊजी उभे राहिले. वर्ग घेताना ते कधी उभे राहत नसत, त्यामुळे सगळ्यांचे हात थांबले.

"ओढ्यात ते मी आणलं," ते म्हणाले. "त्या रविवारच्या आदल्या दिवशी मी वरच्या ओढ्यात उतरलो होतो. ओले बूट माझे होते. कुलूपवाल्यांचा काही संबंध नाही."

मग औषधवाल्या बाईंनी डोळ्यांना पदर लावावा तसा रुमाल लावला.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमच्या मनाला काय म्हणावं! पण त्या दिवशी तुमच्या तळाला अंगठा मी लावला होता. खडखडीत होते. मला चांगलं आठवतंय, कारण नंतर ते ओल्या बुटांचं झालं ना."

"मित्रासाठी माणूस किती करेल बघा," बसचालक म्हणाले. "सर, तुम्ही सांभाळून घेताय ते कळतं आम्हाला. पण त्यांनी स्वतः येऊन कबूल करायला नको?"

"करायलाच हवं," दुसरं कुणी तरी म्हणालं. "सरांना असं सांगायला लागावं, ही लाज आहे त्यांना."

भाऊजी म्हणत होते, "नाही, ऐका, ऐका तरी." पण जन्मात एकदाच खोटं बोललेल्या माणसाला खोटं रेटता येत नाही. त्यांचा आवाज बारीक झाला, हात टेबलावरचे डबे उगाच सरळ करायला लागले. सगळे त्यांच्याकडे इतक्या प्रेमाने बघत होते की मला ओरडावंसं वाटलं. आणि त्या प्रेमाबरोबर बाजारातल्या त्या माणसाच्या गळ्यातला फास आणखी आवळला जात होता. आता तर तो चोरही होता आणि वर मित्राच्या जिवावर गप्प बसणाराही.

माझं डोकं फिरलं. मी वही काढली. भाऊजींनी पाहिलं. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी, नको म्हणून. मी पाहिलं, आणि वाचलं. शनिवार वाचला, रविवार वाचला. वाचनालयात नवीन नियम वाचून दाखवते त्याच आवाजात शेवटपर्यंत वाचलं. "तीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलले, तेही माझ्यासाठी. पाणी फार गार होतं. मजा आली."

वाचून झाल्यावर मी वर पाहिलं. लोकांच्या तोंडाकडे मी बघितलंच नाही. भाऊजी खाली बसले होते. आपल्या बायकोचं त्यांच्याविषयीचं शेवटचं वाक्य ते पहिल्यांदा ऐकत होते, सहा दिव्यांच्या उजेडात, सहा माणसांसमोर, माझ्या तोंडून. त्यांनी हात पुढे केला. मी वही दिली. त्यांनी ती बघितली नाही, कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि जिना उतरून गेले. दिवे आम्हालाच घालवावे लागले.

त्यानंतर वर्ग भरला नाही. गावात आठवडाभर ताईचं नाव होतं. ज्या बायका तिच्यासाठी रडल्या होत्या त्याच माझ्या काउंटरपुढे उभ्या राहून हळूच म्हणायच्या, "हौस कुठे नेते माणसाला, नाही?" मी शिक्का इतक्या जोरात मारायचे की त्याचा दांडा सैल झाला.

एक गोष्ट तरी नीट झाली, अशी माझी समजूत होती. वर्ग मोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माश्यांची डबी घेऊन बाजारात गेले होते. कुलूपवाल्यांचं दुकान एका माणसापुरतं. भिंतभर बिनदातांच्या किल्ल्या टांगलेल्या, मध्ये किल्ली कापायचं मशीन, खाली पितळेचा भुगा. त्यांना बातमी माझ्याआधी पोचली होती. मी डबी पुढे ठेवली आणि म्हटलं, "सगळ्यांना कळलंय. बूट ताईचे होते. आता तुमच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही."

त्यांनी डबी उघडली, आतल्या माश्या बघितल्या, मिटली.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"बाई, म्हणजे तुमच्या ताई, माझ्याच शेजारी बसल्या होत्या भिंतीवर. सरांनी अंगठा लावला, कोरडे म्हणाले. बाई उठून पुढे गेल्या. त्यांच्या पायाखाली पाणी साचलेलं, एवढालं. मेडिकलच्या बाईंनी विचारलं, हे पाणी कुणाचं? सरांच्या तोंडचा रंग गेला. बाई तिकडे पाण्यात पाय टाकत होत्या. मी म्हटलं, माझं. आणि उठून घरी गेलो."

मी कसंबसं म्हटलं, "म्हणजे तुमचे बूट..."

"कोरडे होते. आठ दिवस उन्हात होते."

"मग वर्षभर गप्प का बसलात? लोकांनी तुमचं काय केलं! आणि भाऊजींनी साधी मानसुद्धा वर केली नाही!"

"कशी करतील? वर केली असती तर सगळं बाहेर आलं असतं." त्यांनी मशीनवरचा भुगा बोटाने एका बाजूला केला. "बाई पाण्यात उतरल्या ना? मग झालं की. लोकांना काय, किल्ल्या तरी हव्याच असतात. आम्हा दोघांना ठाऊक होतं, तेवढं पुरत होतं."

मी उभीच. त्यांना बरं वाटेल म्हणून आले होते मी.

त्यांनी एक कोरी किल्ली उचलली, मशीनला लावली, परत काढली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "बाईंनी शेवटी लिहिलं होतं म्हणे काही तरी. सरांसाठी."

"हो."

"ते सरांना आधी दाखवलं होतंत ना? एकट्यांना?"

मी नाही म्हटलं. त्यांनी मान डोलावली, किल्ली पुन्हा लावली आणि मशीन सुरू केलं.